पैचा हिशेब देणारे नाथमहाराज

भाद्रपद वद्य षष्ठीस ठिकठिकाणी ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. पारायणे बसतात, पोथीची मिरवणूक निघते, कीर्तन होते, प्रसाद होतो. परंतु माउलींनी ग्रंथ सांगून पुरा केला तो हा दिवस नव्हे, हे पुष्कळ भाविकांच्या ध्यानात नसते. माउलींनी नेवाशास ग्रंथ सांगितला तो शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली. जयंतीची ही तिथी शके १५०६ मधली, म्हणजे इ. स. १५८४ ची. त्या दिवशी पैठणच्या एका संसारी गृहस्थाने ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करून काम हातावेगळे केले. ग्रंथ माउलींचा आणि तिथी नाथमहाराजांच्या श्रमाची, असा हा गोड योग आहे.

नाथांचे चरित्र आपल्यांत कोणास ठाऊक नाही? तहानलेल्या गाढवाला पाजलेली काशीची कावड, अंगावर थुंकणाऱ्यापुढे न रागावता पुन्हा पुन्हा केलेले गोदास्नान, श्रीखंड्याने भरलेला रांजण, या गोष्टी शेंबडे पोरही घडाघडा सांगेल. त्या सगळ्या येथे पुन्हा सांगत बसत नाही. आम्हांस आज एवढेच पाहावयाचे आहे की, दुसऱ्यास परमार्थ सांगावयास बसलेल्या या माणसाने आपल्या बोलण्याची आणि लिहिण्याची जोखीम स्वतःच्या शिरावर कशी घेतली. हल्ली परमार्थ सांगणारे फार झाले आहेत, बंधूंनो. सांगितलेल्याचा जाब देणारे किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

नाथांच्या घराण्यातच हे बीज होते. पणजोबा भानुदास. विजयनगरास गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, असे परंपरा सांगते, आणि त्याबद्दल आपण वारकरी त्यांचे नाव आदराने घेतो. पण भानुदासांची दुसरी एक गोष्ट आम्हांस तितकीच मोलाची वाटते. पोटासाठी ते कापडाचा धंदा करीत. गिऱ्हाईक आले की हे कापड आपल्याला इतक्यास पडले आणि त्यावर इतका नफा आपण घेतो, असे सरळ सांगून मोकळे होत. बाजारातील इतर व्यापाऱ्यांना हे कसे रुचावे? त्यांनी भानुदासांना हसण्यावारी नेले, पुढे त्रासही दिला. गिऱ्हाईक मात्र भानुदासांकडेच जाऊ लागले. त्याच घरात सोळाव्या शतकात एकनाथ जन्मले. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही लवकर गेले आणि पोर आजोबा चक्रपाणींच्या मांडीवर वाढले.

मुलगा बुद्धीचा, पण मन शाळेत रमेना. गुरू पाहिजे म्हणून लहान वयातच तो पैठण सोडून देवगिरीस गेला. तेथे जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. स्वामींचे वैशिष्ट्य असे की, ते निजामशाहीची चाकरी चोख करीत आणि दत्तोपासनाही तितकीच चोख करीत. गुरुवारचा दिवस भजनपूजनाचा. परमार्थासाठी चाकरीत कसूर नाही आणि चाकरीसाठी परमार्थात सबब नाही. असा गुरू नाथांना मिळाला. त्यांनी पोराला आल्याबरोबर मंत्र दिला का? नाही हो. घरची कामे दिली आणि पुढे हिशेबाच्या वह्या हातात दिल्या.

येथली गोष्ट सर्वश्रुत आहे. एके दिवशी हिशेब जुळेना. एका पैचा फरक येत होता. नाथ रात्री दिवा लावून बसले. जेवणाची शुद्ध नाही, झोपेची नाही. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी जागे होऊन पाहतात तो शिष्य वहीपुढे हसतो आहे. पैच्या चुकीसाठी ज्याचे चित्त इतके एकाग्र होते, ते संसाराची चूक शोधण्यास लागले तर काय होईल, असे स्वामींनी तेव्हा सुचविले, असे चरित्रकार सांगतात. नाणे पै होते की आणखी काही, या वादात आम्ही पडत नाही. कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. ती पै कोणी मागितली नव्हती. एवढ्याशा फरकाकडे कोणी पाहिलेही नसते. पदरची एक पै घालून वही मिटता आली असती. पण मग हिशेब जुळला नसता, नुसता जुळल्यासारखा दिसला असता. हा फरक ज्याला रात्रभर टोचतो, त्याच्याच हातून पुढे ज्ञानेश्वरी शुद्ध झाली.

स्वामींबरोबर तीर्थयात्रा करीत असता त्र्यंबकेश्वरास त्यांच्या आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर पहिली रचना केली. तेथून पुढे तीर्थे करीत ते पैठणास आले. इकडे म्हाताऱ्या आजोबांनी स्वामींकडून पत्र आणून ठेवले होते, की पत्र हाती पडेल तेथेच राहावे, पुढे जाऊ नये. वाटेत गाठ पडली, नाथांनी पत्र वाचले आणि जेथे वाचले तेथेच मुक्काम केला. पुढे तेथेच वाडा झाला, गिरिजाबाईंशी लग्न झाले, मुलेबाळे झाली. संन्याशाला बोलणे सोपे असते. रात्री बोललेले दिवसा करून दाखवावयास त्याला घर नसते. नाथांचा मठ म्हणजे त्यांचे घर. ऐकणारी बायको, पाहणारी पोरे, दारावरून जाणारे शेजारी. बोलण्यात आणि वागण्यात तिळाएवढे अंतर पडले असते तर आधी घरातल्यांनाच कळले असते.

आता राण्याची गोष्ट पाहा. राणू, राणका, राण्या अशा नावांनी ती सांगतात. त्या काळी गावाबाहेर राहणे ज्यांच्या नशिबी लादले होते, त्या महार समाजातील हे भाविक जोडपे. नाथांच्या पुराणास लांब बसून ऐकावयाचे. एकदा विश्वरूपाचे निरूपण झाले. सर्व भूतांत एकच भगवंत भरला आहे, असे नाथांनी विस्ताराने सांगितले. श्रोते माना डोलावून घरी गेले. राण्या मात्र घरी गेला तो विचार करीत, आणि त्याने नाथांना आपल्या घरी जेवावयाचे आमंत्रण दिले.

येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. निरूपण करणाऱ्याची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती अशा आमंत्रणाने होते. नाथांजवळ सबबी कमी नव्हत्या. तत्त्व वेगळे आणि व्यवहार वेगळा, असे म्हणता आले असते, आजही म्हणतात. धर्मशास्त्राची वचने काढता आली असती. नाथ काही कमी विद्वान नव्हते. नाथ येतो म्हणाले. गावात बोभाटा झाला. ब्रह्मवृंदाने पाळत ठेवली. कथा अशी की, त्या दिवशी नाथ आपल्या घरीही दिसले आणि राण्याच्या घरी जेवतानाही दिसले. देवाने त्यांचे रूप घेऊन भक्ताची लाज राखली. भाविकांनी ती तशीच ऐकावी. पण देव आपली लाज राखणार आहे, हे नाथांना येतो म्हणताना माहीत नव्हते. होकार त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिला होता.

श्राद्धाच्या स्वयंपाकाची गोष्टही याच मासल्याची. वास आला म्हणून भुकेली मंडळी दाराशी थांबली आणि गिरिजाबाई व नाथांनी पितरांसाठी केलेले अन्न त्यांना पोटभर वाढले. ब्राह्मण रुसून गेले. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे पोर कडेवर घेऊन नाथ त्याला त्याच्या घरी पोचवून आले, ते तर भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. या प्रत्येक वेळी त्यांना बहिष्कार, निंदा, प्रायश्चित्त यांना तोंड द्यावे लागले. प्रायश्चित्त घ्या म्हटले, तर तेही ते निमूटपणे घेत. केलेले नाकारायचे नाही आणि त्याबद्दल येईल ते भोगायचे, अशी रीत.

ग्रंथाच्या बाबतीतही असेच झाले. भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहावयास घेतली. पहिले पाच अध्याय झाले आणि त्यांची प्रत कोणा यात्रेकरूबरोबर काशीस पोचली. तेथील एका मठाधिपतीच्या कानी ते मराठी निरूपण पडले. व्यासांची वाणी प्राकृतात? कोण हा पैठणकर? बोलवा त्याला! नाथ पैठणात बसून उत्तर धाडू शकले असते. पण ते स्वतः काशीस गेले, पंडितांपुढे उभे राहिले, आपले लिहिलेले आपण वाचून दाखविले. विरोध निवळला, आणि ग्रंथ पुरा झाला तो काशीतच, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे इ. स. १५७३ साली. त्याआधी दोन वर्षे रुक्मिणीस्वयंवरही तेथेच लिहून झाले होते. गंगेत टाकलेली पोथी गंगामाईने वर दिली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आम्हांस पैठण ते काशी हे अंतरच मोठे वाटते. त्या काळचा तो प्रवास, मागे घरदार. आणि कशासाठी? आपण लिहिले ते आपणच सिद्ध करावयाचे, एवढ्यासाठी.

भागवताच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक आहेत. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता ज्ञानेश्वरीकडे वळू. नाथांचा कंठ दुखू लागला, औषधाने बरा होईना. स्वप्नात माउली आल्या आणि अजानवृक्षाची मुळी आपल्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ, असे म्हणाल्या, ही कथा. नाथ आळंदीस गेले. समाधीचे स्थान रानाने वेढले होते, ते त्यांनी शोधून मोकळे केले आणि आळंदीची वाट वारकऱ्यांना पुन्हा रुळवून दिली, असे परंपरा मानते. मुळी काढली, कंठ बरा झाला. मग त्यांच्या ध्यानात आले की, समाधीसारखीच ग्रंथालाही मुळ्या लागल्या आहेत.

कशा लागल्या? त्या काळी छापखाना नव्हता. पोथी हवी तर दुसऱ्या पोथीवरून हाताने नकलून घ्यावी लागे. लिहिणाऱ्याची नजर एका ओळीवरून खालच्या तशाच ओळीवर घसरते आणि मधली ओवी गळते. माउलींची भाषा यादवांच्या राज्यातली. पावणेतीनशे-तीनशे वर्षांत राज्ये बदलली, बोली बदलली. जुना शब्द कळेना की लिहिणारा त्या जागी आपल्याला कळणारा शब्द बसवी. त्याचा हेतू वाईट नसे, बरं का! कोणी वाचता वाचता अर्थ सुचला म्हणून समासात एखादी ओवी टिपून ठेवी. पुढला नकलणारा ती गळलेली ओवी समजून आत घेई. आणखी काही वर्षांनी ती माउलींची ओवी म्हणून कीर्तनात येई, तिच्यावर निरूपण होई. असे हे भक्तीपोटीच चालले होते, म्हणून तर कोणी हटकीना.

नाथांनी पोथ्या मिळविल्या, एकीशी एक ताडून पाहिल्या, पाठ निवडले आणि शके १५०६ मध्ये, तारण नाम संवत्सरी, काम पुरे केले. शेवटी थोड्या ओव्या जोडून त्यांनी त्यात आपले नाव घातले, शक घातला. ग्रंथात दोष होता तो माउलींचा नव्हे, पाठ म्हणताना आणि उतरून घेताना शिरला, हे सांगितले. आणि यापुढे कोणीही यात स्वतःची ओवी घालू नये, असा कडक इशारा दिला. एवढे सौम्य नाथ, अंगावर थुंकले तरी न रागावणारे! माउलींच्या पाठात लुडबूड करणाऱ्याला मात्र त्यांनी खरमरीत शब्दांत बजावले आहे.

आता तो अठरा हजारांचा आकडा आठवा. ज्याने एकट्या भागवतावर माउलींच्या ग्रंथाच्या दुपटीइतक्या ओव्या लिहिल्या, रामायण लिहिले, अभंग लिहिले, वासुदेव-जोशी-गोंधळ्यांच्या तोंडची भारुडे लिहिली, त्याला ज्ञानेश्वरीत दहा-वीस ओव्या घालणे किती अवघड होते? माउलींच्या ओवीत मिसळेल अशी ओवी लिहिण्याचे सामर्थ्य असलाच कोणात तर नाथांत होते. कोणी हरकतही घेतली नसती. नाथांची ओवी म्हणजे ती आपण आनंदाने म्हटली असती. पण नाथांनी आपली रचना आपल्या ग्रंथांत ठेवली, आणि तिच्याखाली आपले नाव गुरूच्या नावाला जोडून घातले. भारुडात ते कितीही सोंगे घेवोत, शेवटी सही आहेच. माउलींच्या ग्रंथात सही नाही. ज्या ओव्यांत ती आहे त्या ग्रंथ संपल्यावर, वेगळ्या.

नाथांच्या हातची ती शुद्ध प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्या नकलांत पुन्हा फरक पडले आणि छापील आवृत्त्यांतही ओव्यांची संख्या थोडी मागेपुढे दिसते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली व ती नाथांच्या आधीची असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर विद्वानांत मोठा वाद झाला. आपल्यांतील काही मंडळींना असल्या चर्चेचा राग येतो, श्रद्धेला धक्का बसतो असे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. पोथ्या ताडून पाहण्याचे काम नाथांनीच आपल्या संप्रदायात प्रतिष्ठित केले आहे. ते जो प्रामाणिकपणे करील त्याला नाथांचा आशीर्वाद आहे, असेच आम्ही समजतो. राग यावयाचाच तर दुसऱ्या गोष्टीचा यावा. स्वतः केलेल्या कडव्याला तुकोबांचे नाव चिकटवून ते म्हणणारे आहेत. माउलींनी कधी न म्हटलेले सुवचन माउलींच्या चित्राखाली घालून मोबाइलवर गावभर पाठविणारे आहेत. विचारले तर म्हणतात, भाव चांगला आहे ना, मग झाले! अहो, भाव चांगला असेल तर स्वतःच्या नावाने सांगा की. त्यात चूक निघाली तर ती तुमची निघेल, एवढीच काय ती भीती.

नाथांच्या उतारवयात एक मोठे दुःख घरातूनच उभे राहिले. मुलगा हरिपंडित शास्त्रांत पारंगत झाला. बापाने मराठीत पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला मानवेना. तो रुसून काशीस गेला. नाथ त्याच्यामागे गेले, समजूत घातली. प्राकृतात पुराण सांगणार नाही आणि परान्न घेणार नाही, अशा दोन अटी त्याने घातल्या, त्या नाथांनी कबूल केल्या. काही वाचकांना हे खटकते. आयुष्यभर ज्यासाठी निंदा सोसली ते पोरासाठी सोडले? आम्हांसही हा प्रसंग सोपा वाटत नाही. बापाचे काळीज होते, हे तर आहेच. पण नाथ मुलाशी वाद घालून जिंकले नाहीत, हेही आहे. पैठणात हरिपंडिताने संस्कृतात पुराण लावले आणि श्रोते हळूहळू गळाले. नाथ गप्प बसून राहिले. पुढे एका म्हातारीने सहस्र ब्राह्मण जेवू घालण्याचा नवस फेडण्यासाठी एकट्या नाथांना जेवावयास बोलाविले. हरिपंडिताच्या संमतीने नाथ गेले. जेवण झाल्यावर उष्टी पत्रावळ उचलावयास हरिपंडित वाकला, तो एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, असा हजार पत्रावळींचा हिशेब त्याच्याच हाताने पुरा झाला, असे कथा सांगते. मग अटी राहिल्या नाहीत. नाथांचे मराठी पुराण पुन्हा सुरू झाले आणि मुलगा ऐकावयास बसला.

शेवटचा ग्रंथ भावार्थ रामायण. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत लेखन आले आणि नाथांना आपला काळ जवळ आल्याचे कळले. पुढचे कोण पुरे करणार? घरात विद्वान मुलगा होता. परंपरा सांगते की, नाथांनी गावबाकडे बोट दाखविले. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, लोक ज्याला वेडगळ समजत असा पोरगा. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीच्या काठी कीर्तन करून नाथांनी देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीचीही तीच षष्ठी. उरलेले रामायण गावबाने पुरे केले. नाथांचा हात कोठे थांबला आणि गावबाचा कोठून सुरू झाला, हे कोणी झाकून ठेवले नाही. पोथी उघडणाऱ्या प्रत्येकास ती वेस आजही दाखविता येते.